माणसे आली, नावे राहिली

फोटो काढणे हा एके काळी घरातला समारंभ असे. चार दिवस आधी स्टुडिओवाल्याला वर्दी द्यायची, ट्रंकेतले ठेवणीतले कपडे उन्हात घालायचे आणि ठरल्या वेळी रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्च्या मांडून सगळ्या कुटुंबाने श्वास रोखून बसायचे. ज्या पोराला श्वास रोखता येत नसे ते फोटोत धुरकट येई, आणि पुढे पन्नास वर्षे ‘हा हललेला कोण?’ ह्या प्रश्नावर त्याची कीर्ती टिकून राही. एका लग्नाचे सहा फोटो निघाले तर वरपिता हौशी समजला जाई. आता परवाच शेजारच्या बारशात पाळण्यातल्या बाळाचे डोळे पुरते उघडण्याआधी त्याचे दीडशे फोटो झालेले मी पाहिले. हौसेला मोल नाही म्हणतात; हल्ली फोटोलाही राहिलेले नाही.

पण हे दीडशे फोटो राहायला जातात कुठे? आधी मोबाइलमध्ये, तो भरला की संगणकात. आणि संगणकात ते ज्या पेटीत राहतात तिला हार्ड डिस्क म्हणतात. ही पेटी काही आजकालची नव्हे. १९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र बाजारात आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या त्यात एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्या पसाऱ्याचे वजन टनाच्या घरात जाई. एवढ्या धुडात मावत काय, तर पन्नास लाख अक्षरे! आजच्या मोबाइलवर काढलेला एकच चांगलासा फोटो ठेवला असता तर ते यंत्र तुडुंब भरले असते.

आजची डिस्क तळहातावर बसते, पण आतला संसार तोच आहे. चकचकीत तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारा काटा इकडून तिकडे झुलत असतो. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हा काटा टेकत नाही, तरंगतो. किती उंचीवर? आपल्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एकही त्या फटीत मावणार नाही. ह्या हिशेबाने पाहिले तर डिस्क बिघडते कशी हे आश्चर्य नाही. ती इतकी वर्षे चालते कशी, हेच आहे. काटा टेकला की तबकडीवरचा चुंबकी थर खरवडला जातो, आणि जो थर खरवडला त्यावरचे अक्षर ब्रह्मदेवालाही परत वाचता येत नाही.

हे ज्ञान मराठीच्या प्राध्यापिकेला कुठून झाले, असे वाचक विचारतील. ते २०२४ च्या पावसाळ्यात झाले, आणि ते माझ्या माहेरच्या संगणकाने दिले. पण त्यासाठी थोडे मागे जायला हवे. थोडे म्हणजे १९६१ पर्यंत.

आमचे जुने घर पुण्याच्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी घराच्या माडीपर्यंत आले. भांडी गाळातून मिळाली, पितळी समई मिळाली, आजोबांचा अल्बम मात्र लगदा होऊन मिळाला. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि तसाच वाळला की एक फोटो दुसऱ्याला कायमचा चिकटतो. आजीने तो गठ्ठा उन्हात वाळवला. त्याची एक वीट तयार झाली. ती वीट पुढे कितीतरी वर्षे कपाटात होती.

माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. ती वीट त्यांच्या मनातून गेली नाही असे मला वाटते, कारण २००३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती संगणक आणि स्कॅनर यांची. आजोबांना एक चांगली सवय होती. फोटो काढला की त्याच्या प्रती ते नातेवाइकांना टपालाने धाडत. तेव्हा जे पुण्यात वाहून गेले ते सांगलीत, बेळगावात, इंदुरात कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत कोरडे असणार, असा बाबांनी तर्क केला, आणि तो खरा ठरला. सात-आठ वर्षे ते हिंडले. लोकांकडून फोटो उसने आणायचे, स्कॅन करायचे आणि सांगितल्या दिवशी परत नेऊन द्यायचे. प्रत्येक फाइलला ते नाव देत, आणि नाव म्हणजे काय, अख्खे टिपणच! ‘१९५२ भाऊबीज, डावीकडून आत्या, इंदूरची मावशी, अण्णा, मागे दारात वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंचा धाकटा.’ एकदा संगणकाने ‘नाव फार मोठे आहे’ अशी तक्रार केली. “तुला कुठं उच्चारायचंय?” असे म्हणून बाबांनी एक स्वल्पविराम कमी केला.

दुसरी प्रतही त्यांनी केली होती, सीडींवर. पण घरी लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो दमट हवेत, उजेडात, वर्षे गेली की विटतो. २०१९ साली बाबा गेले. संगणक दादाकडे गेला, सीडींचा डबाही गेला. आणि २०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी डिस्क घड्याळासारखी टक्-टक् करू लागली. दादाने त्याच क्षणी वीज बंद केली. पुढे जे काही हाती लागले त्याचे निम्मे श्रेय मी ह्या एका कृतीला देते. बिघडलेली डिस्क ‘बघू या चालतेय का’ म्हणून पुन्हापुन्हा सुरू करणे म्हणजे मोडक्या पायाने माणसाला जिना चढायला लावणे. कुणी सांगितले, ती बर्फाच्या कपाटात ठेवा, गार झाली की चालते. ही दंतकथा बरीच पसरलेली आहे. गार डिस्क बाहेर काढली की तिच्या आत दव धरते, एवढेच तिचे फळ.

सीडींपैकी बहुतेक कोऱ्या पाटीसारख्या निघाल्या. मग आम्ही एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क कानाशी हलवून पाहिली, जसा काही नारळ. “मॅडम, फॉरमॅट मारून देतो. डिस्क चालू होईल. फोटोंचं सांगत नाही.” म्हणजे घर शाबूत राहील, माणसांचे सांगत नाही! त्याला नमस्कार करून आम्ही परतलो.

ज्यांचा हा खरा धंदा आहे ते लोक काय करतात ते मात्र पाहण्यासारखे असते. धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत डिस्क उघडायची, कारण त्या बारीक फटीपुढे धुळीचा कण म्हणजे पर्वत. त्याच जातीची दुसरी डिस्क मिळवून तिचे काटे काढून हिला बसवायचे. खालची हिरवी पट्टी नुसती बदलून भागत नाही. तिच्यावरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापे लिहिलेली असतात, तीही इकडून तिकडे न्यावी लागतात. एवढे करून डिस्क श्वास घेऊ लागली की तिच्यातले फोटो शोधायचे नाहीत. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची, आणि तीही युक्तीने: जिथे सहज वाचता येते ते आधी उतरवायचे, अडते तिथे अडून न बसता पुढे जायचे, आणि अवघड जागांकडे शेवटी वळायचे. शोधकाम त्या नकलेवर. जीर्ण पोथी हाताळणारे आमचे संशोधकही हेच करतात. आधी नक्कल, मग चर्चा. ह्या कामाला पैसा लागतो, नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पट. तो दादाने दिला आणि आकडा अजून आईला सांगितलेला नाही.

तीन आठवड्यांनी फोटो आले. दहांतले नऊ आले म्हणा ना. दादाने फोनवर सांगितले तेव्हा त्याला नीट बोलता येईना. मी धावत गेले. पडद्यावर आजोबा होते, वाडा होता, परकरातली आत्या होती. आणि प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या खाली नाव होते: ‘एफ’ आणि पुढे आठ आकडे.

हे असे का झाले ते सांगते. डिस्कवर फोटो एका जागी असतात आणि त्यांची नावे, पत्ते दुसऱ्या जागी, एका सूचीत. काट्याने खरवडले ते नेमके ह्या सूचीला. सूची गेली की मग ‘फोटोरेक’सारखी साधने वापरावी लागतात. ती सूचीकडे पाहतच नाहीत. डिस्क पहिल्या अक्षरापासून वाचत जायचे, फोटोच्या आरंभी असणारी ठराविक खूण दिसली की तिथून फोटो सुरू झाला असे धरायचे आणि तो वेगळा काढायचा. (एखादी फाइल पुसली तरी पुष्कळदा परत मिळते ती ह्याच कारणाने, पुसली जाते ती सूचीतली नोंद. नव्या एसएसडी नावाच्या डिस्क मात्र पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकतात, तिथे ही आशा धरू नये.) फोटो तुकड्यातुकड्यांनी ठेवलेला असेल तर घोटाळा होतो. आमच्याकडे एका फोटोत वर बेळगावच्या काकूंचे तोंड आणि खाली कुणाच्या तरी मुंजीतले पाट आले आहेत.

आमच्या जुन्या पोथ्या म्हणजे सुटी पाने असत, बांधणी नाही. समासातले पानांचे आकडे झिजले की मजकुराला मजकूर जुळवून क्रम लावावा लागतो. तो लागतोही. पण शेवटच्या पानावरची पुष्पिका गेली, म्हणजे ही पोथी कुणी, कोणत्या शकात, कुणासाठी उतरवली हे सांगणाऱ्या ओळी गेल्या, तर सबंध ग्रंथ हाती असून तो पोरका राहतो. वर्गात ही गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे. त्या दिवशी ती पडद्यावर पाहिली.

अलीकडच्या कॅमेऱ्याचे फोटो आपली तारीख पोटात बाळगतात, ते तासाभरात ओळीने लावता आले. स्कॅन केलेल्यांच्या पोटात असलीच तर स्कॅन केल्याची तारीख. आमचे पणजोबा त्या हिशेबाने २००६ साली जन्मले. आईला लग्नानंतरचे लोक ठाऊक. ती १९७२ साली ह्या घरात आली. त्याआधीच्यांना ओळखणारे आता एकच माणूस उरले आहे, सांगलीची आत्या. वय सत्त्याऐंशी.

म्हणून गेले वर्षभर महिन्याच्या एका शनिवारी मी सांगलीला जाते. आत्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले आहेत. नजर बरी आहे, पण तासाभराने थकते. ती चेहऱ्यांकडे आधी पाहतच नाही. “ही खुर्ची आमची. हिचा हात चोपन्न साली मोडला. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा.” मग लुगड्याचा काठ, मग नथ, आणि नथीवरून बाई. “नथ माझ्या आजीची, पण नाक तिचं नव्हे गं.” कधीकधी ती एका फोटोपाशी थांबते आणि पुढचे दोन तास दुसरा फोटो निघत नाही. मीही घाई करीत नाही. मात्र घाई आहे हे आम्हा दोघींनाही कळते. एकदा ती सहज म्हणाली, “आधी गर्दीचे फोटो घे. एकटी माणसं नंतर.”

बाबांच्या हातची थोडी नावे सूचीच्या वाचलेल्या कोपऱ्यातून निघाली आहेत. त्यांतल्या काही आत्याला मान्य नाहीत. बाबांनी जिला ‘ताईकाकू’ लिहिले ती आत्याच्या मते ताईकाकूंची धाकटी बहीण. मी दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत. पाठभेद गाळायचा नसतो हे आमच्या विषयातले पहिले व्रत. आणि नाव आता मी फाइलच्या कपाळावर लिहीत नाही, फोटोच्या पोटात लिहिते. तशी सोय फोटोतच असते, आणि सूची गेली तरी ते नाव फोटोबरोबर निघते. शिवाय एक शंभर पानी वही आहेच. तिला वीज लागत नाही.

तीनशे चाळीस फोटो झाले, दोनशेहून थोडे अधिक राहिले. गेल्या खेपेला एका फोटोवर आम्ही अडलो. वाड्याचा दरवाजा, उंबऱ्यावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, हातात भोवरा, एक डोळा मिटलेला. आत्याने भिंग आणवले. बराच वेळ पाहिले.

“हा आमच्यातला नव्हे. पण ह्याचा आवाज आठवतो मला,” ती म्हणाली. “मावशीला विचार.”

इंदूरची मावशी आत्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलमधला फोटो तिला दिसत नाही. तेव्हा तो मोठा छापून, मागे माझा पत्ता आणि एक प्रश्नचिन्ह लिहून मी टपालाने इंदूरला धाडला आहे. उत्तर अजून यायचे आहे.