उपाशी राहिलात, कारण विचारलं नाहीत

युरोप फिरून आलेला मराठी शाकाहारी माणूस दोन गोष्टी घेऊन येतो: फ्रिजला चिकटवायचा आयफेल टॉवर आणि एक रडगाणं. "तिथल्या चायनीज, थाय, व्हिएतनामी हॉटेलांत आपल्यासाठी काही नसतं हो! सगळीकडे मासे, डुक्कर अन् किडे!" हे धादांत खोटं आहे. मी तेलगावचा, धारूर तालुका, बीड जिल्हा. घर माळकऱ्यांचं, गळ्यात तुळशीची माळ. बर्लिनला लेकीकडे राहिलो, तिथल्या व्हिएतनामी आणि थाय हॉटेलांत पोटभर जेवलो आणि माळेला धक्का लागू दिला नाही. म्हणून या रडगाण्याचा मला संताप येतो. हे लोक उपाशी राहिले ते युरोपमुळे नाही, आळसामुळे. आणि आळसाला धर्माचं सोवळं नेसवून ते गावभर मिरवतात.

यांची सहल पाहा. बॅगेत चटण्या, मेतकूट, लाडू. सहलीबरोबर स्वयंपाकी. पॅरिसात वरण-भात, व्हिएन्नात वरण-भात, झुरिकमध्ये पुन्हा वरण-भात. खा की! वरण-भातासारखं अन्न नाही. पण ज्या हॉटेलाचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्याविरुद्ध निकालपत्र लिहिण्याचा अधिकार यांना दिला कोणी? साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही. थेट फाशी!

आणि हीच मंडळी इटलीत पोचली की पास्त्यावर पार्मेझानचा पाऊस पाडून घेतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज करताना दूध ज्या रेनेटने घट्ट करतात, ते वासराच्या जठरातून काढलेलं असतं. तसा नियमच आहे. शाकाहारी रेनेट घातलं तर त्या चीजला ते नाव लावता येत नाही. हे यांनी कधी विचारलं? छे. पिझ्झा ओळखीचा, म्हणून तो पवित्र. शेजारच्या व्हिएतनामी बाईंचा सोयाबीनचा टोफू अनोळखी, म्हणून तो अभक्ष्य. धर्मनिर्णय करणारं हे केवढं प्रगाढ पांडित्य!

चुकून कुणी धीर करून आशियाई हॉटेलात शिरलाच, तर मागतो काय? व्हेज मंचुरियन! अहो, मंचुरियन हा पदार्थ मुंबईचा. नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, आणि कोबीचे गोळे त्यामागून आले. चर्चगेटला जन्मलेलं पोर बर्लिनच्या व्हिएतनामी माणसाने कुठून ओळखायचं? तो मान हलवतो, हा पाय आपटत बाहेर पडतो, आणि पुण्यात येऊन सांगतो की तिथे शाकाहार कुणाला कळतच नाही.

आता कळतो की नाही ते ऐका. पूर्व जर्मनीने १९८० मध्ये व्हिएतनामशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा असे साठेक हजार लोक तिथे होते. कारखाने बुडाले, कामं गेली. मग कुणी फुलं विकली, कुणी कपडे, कुणी खाण्याची टपरी टाकली. पोटासाठी गाव सोडणं म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. आज लिश्टेनबर्ग भागात डोंग शुआन सेंटर नावाचा त्यांचा अख्खा बाजार उभा आहे, आणि शहरभर त्यांची हॉटेलं आहेत.

या व्हिएतनामी लोकांतल्या बौद्धांची रीत अशी: चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी बंद. महिन्यातून दोनदा, तिथी बघून. ओळखीचं वाटतं ना? आपल्या दोन एकादश्या, त्यांचे हे दोन दिवस. त्या जेवणाचं नाव रोमन लिपीत सी, एच, ए, वाय अशा चार अक्षरांनी लिहितात. ती अक्षरं पाटीवर किंवा मेनूत दिसली की तिथे शाकाहारी स्वयंपाक होतो. थाय हॉटेलात पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली तर तीही शाकाहाराची खूण. थायलंडात चिनी वंशाचे लोक नऊ दिवस मांस सोडतात, आणि ते दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपास येतात. या व्रतांच्या कडक स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. चातुर्मासात कांदा सोडणाऱ्याने बर्लिनमध्ये आपला सख्खा भाऊ शोधायचा असेल तर तो तिथे वाफाळत्या नूडल्सच्या वाडग्यामागे उभा आहे. ही परंपरा जुनी आहे: चीनमध्ये लियांग घराण्याच्या वू सम्राटाने सहाव्या शतकातच बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य केलं. गव्हाची कणीक धुऊन उरलेल्या चिवट गोळ्याचे नाना पदार्थ करण्यात भिक्षूंच्या विहारांतले स्वयंपाकी पारंगत झाले. चौदा-पंधराशे वर्षांच्या या परंपरेला आमचा सहलवीर म्हणतो, "यांना शाकाहार कळत नाही."

धोका नाही असं मी म्हणत नाही. धोका आहे, आणि तो मांसाच्या तुकड्यात नाही, पातळ पदार्थांत आहे. तुकडा डोळ्यांना दिसतो. व्हिएतनामी चटणीत आंबवलेल्या मासळीचं पाणी असतं, अगदी टोफूच्या ताटाबरोबर येणाऱ्या वाटीतसुद्धा. थाय करीच्या वाटणात बहुधा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. जपानी सूप वरून नितळ, आत बोनिटो माशाच्या किसाचा अर्क. कोरियन किमची बघायला नुसती कोबी, पण तिच्यात खारवलेली कोळंबी घालायची पद्धत आहे. चिनी भाजीवरची ती काळी चकाकी कालवांच्या सॉसची असू शकते. म्हणून "व्हेज आहे का?" हा प्रश्न कुचकामी. वाढपी ताटाकडे बघतो, मांस दिसत नाही, "हो" म्हणतो. तो खोटं बोलत नाही. तुम्ही चुकीचं विचारलंत. विचारायचं असं: मासळीचा सॉस आहे का? कालवांचा? कोळंबी? सूपचं पाणी कशाचं? नूडल्समध्ये अंडं आहे का?

हे विचारायला लाज वाटते? मग युरोपचा कायदा वापरा. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि डिसेंबर २०१४ पासून हे हॉटेलांनाही लागू आहे. त्या चौदांत मासे आहेत, कोळंबी-खेकडे आहेत, कालवं-शिंपले आहेत, अंडं आणि दूधही आहे. जर्मनीत कित्येक मेनूंवर पदार्थापुढे छोटी अक्षरं छापलेली असतात आणि शेवटच्या पानावर त्यांची फोड असते. ती वाचा! कोंबडीच्या हाडांचं सूप आणि डुकराची चरबी त्या यादीत येत नाही, तेवढं तोंडाने विचारा. एवढं केलं की निम्म्याहून जास्त संशय तिथल्या तिथे मिटतो. चष्मा बॅगेत ठेवून "आपल्यासाठी काही नाही" म्हणणाऱ्याची मला कीव येत नाही.

गंमत बघा, हीच सोवळी मंडळी गावी काय करतात? बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते एकमेकांना छेदतात तो आमचा तेलगावचा चौक. जवळच सुंदरराव सोळंके साखर कारखाना, गाळपाच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रांग. असल्या चौकाचौकांत संध्याकाळी चायनीजचे गाडे लागतात. एकच कढई, एकच झारा. आत्ता त्यात चिकन लॉलीपॉप तळला, लगेच त्याच तेलात कोबीचे गोळे पडले. पाटीवर हिरव्या रंगात "व्हेज". आमचे धर्ममार्तंड तिथे उभं राहून बोटं चाटत खातात आणि तेल कुणाचं ते विचारत नाहीत. बर्लिनमधल्या व्हिएतनामी बाई वेगळ्या भांड्यात शिजवून देतील, तिथे मात्र यांना शिसारी. व्रत तेच, पोट तेच. मग नियम का बदलला?

मी सांगतो का बदलला. कारण यांना ताटात काय आहे याची चिंताच नाही. कुणाच्या हातचं आहे, ही चिंता आहे. चपट्या नाकाचा माणूस रांधतो म्हटलं की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. हा शाकाहार नव्हे, हा जुना विटाळ आहे, आणि तो पासपोर्टवर शिक्का मारून युरोपात पोचला आहे. पैठणच्या एकनाथांनी गावकुसाबाहेरच्या घरी जाऊन जेवण केल्याची कथा आमच्या सप्ताहात वर्षानुवर्षं सांगितली जाते. टाळ कुटताना माना डोलवायच्या, आणि बर्लिनच्या टेबलावर बसल्यावर आचाऱ्याचं कूळ शोधायचं? माळ कशासाठी घातली मग?

खऱ्या माळकऱ्याची रीत बघायची तर आमच्याकडच्या कंदुरीला या. नवसाचं बोकड पडतं, अख्खा भावकीचा गोतावळा जेवतो. माळकऱ्यांची चूल वेगळी. पातेलं वेगळं, पळी वेगळी. म्हातारा माळकरी येतो, यजमानाला एकच विचारतो, "पळी येगळी हाय ना रं?" यजमान म्हणतो, "हाय की आबा, बसा." आबा बसतो, जेवतो, आशीर्वाद देऊन जातो. बोकड खाणाऱ्याला शिव्या नाहीत, न खाणाऱ्याची टिंगल नाही. आबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, पण नेमका प्रश्न त्यांना माहीत असतो. आणि परदेशवारी करणाऱ्या डिग्रीवाल्यांना तो सुचत नाही!

टिंगलीवरून आठवलं. "थोडासाच फिश सॉस आहे, काय होतंय?" म्हणणारे हॉटेलवालेही काही साधुसंत नव्हेत. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली की यांची धावपळ होते आणि व्रत सांगितलं की हसू येतं. पदार्थाला शाकाहारी म्हणून विकायचा आणि वर मासळीचं पाणी ओतायचं, ही फसवणूकच आहे. तिला चवीची परंपरा म्हणून माफी नाही. अशा ठिकाणी ताट परत पाठवा, पैसे देऊ नका, शांतपणे कारण सांगा आणि उठा. मासळीचा सॉस न घालता तोच पदार्थ करणारे शेजारच्या गल्लीत बसलेत, धंदा त्यांना द्या.

१८८८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी लंडनला गेलेल्या गांधींकडे ना मोबाइल होता, ना मेनूवरची अक्षरं. आईला दिलेला शब्द होता. ते पायी वणवण हिंडले आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवरचं शाकाहारी उपाहारगृह शोधून काढलं. पुढे लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही बसले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पोराला जे चालून चालून सापडलं, ते खिशात नकाशा आणि भाषांतरयंत्र घेऊन फिरणाऱ्या तुम्हाला सापडत नाही? व्रत तुमचं आहे. ते सांभाळायची जबाबदारी बर्लिनची नाही, बीजिंगची नाही, सहलीबरोबर आलेल्या स्वयंपाक्याची तर मुळीच नाही. तोंड उघडा, नेमकं विचारा, आणि समोरच्याने वेगळ्या पळीने वाढलं की त्याच्या हातचं मान देऊन खा. हे जमत नसेल तर खुशाल उपाशी राहा. पण गावी येऊन त्या उपासाचं पुण्य सांगू नका.