बेल वाजवून पळणारे

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात एक गुप्त कट शिजला. रात्री बरोब्बर आठला सगळ्यांनी घरच्या मोबाइलवर एकच शब्द गूगलवर पुन्हा पुन्हा शोधायचा, की झालं गूगल बंद! (चौथीतली गुपितं बाईंच्या कानावर येतातच.) मी रागावले नाही. एवढंच विचारलं, "कटात किती जण?"

"छत्तीस!"

आता ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलवर खराखुरा हल्ला झाला. तेव्हा एका सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या येऊन आदळल्या. तिथे आपल्या छत्तिसांची डाळ काय शिजणार?

युक्ती मात्र भारी चावट होती. हल्ला करणारा संगणक म्हणायचा, "हे पान दे." उत्तर यायच्या आत म्हणायचा, "राहू दे!" पुन्हा "दे", पुन्हा "राहू दे". भर दुपारी शेजारच्या काकूंची बेल वाजवून काही जण पळतात ना (नावं घेत नाही), अगदी तस्संच. वाजवणाऱ्याला कष्ट नाहीत, काकू मात्र उठून उठून बेजार!

तरी गूगल टिकलं. त्याचे संगणक एका खोलीत नाहीत, जगभर पसरलेत. बहुतेक लोंढा त्यांनी वेशीवरच अडवला. शिवाय असाच मार खाल्लेल्या क्लाउडफ्लेअर आणि अॅमेझॉन या कंपन्यांशी बोलून ती पळवाट बुजवायचे उपाय शोधले.

पण दर वेळी असं जमलं नाही हं. ७ फेब्रुवारी २००० ला याहू कोलमडलं. तेव्हा माहिती शोधायला अर्धं जग याहूवरच जायचं! पाडणारा कोण? कॅनडातल्या माँट्रिअलचा पंधरा वर्षांचा पोरगा. टोपणनाव 'माफियाबॉय'. त्याने विद्यापीठांचे संगणक चोरून ताब्यात घेतले आणि सगळे एकदम याहूवर सोडले. पुढे ईबे, अॅमेझॉन, सीएनएन यांचीही तीच गत. मग स्वारीने इंटरनेटवरच्या गप्पांत फुशारक्या मारल्या आणि सापडली! २००१ मध्ये कोर्टाने आठ महिने सुधारगृहात धाडलं.

खरी पंचाईत पुढेच आहे. २५ जून २००९ ला गायक मायकेल जॅक्सन वारला. बातमी खरी का, हे बघायला जगभरचे लोक एकदम गूगलवर तुटून पडले. गूगलला वाटलं, हल्लाच झाला! सुमारे २५ मिनिटं गूगल न्यूजवर शोधणाऱ्या काही जणांना बातम्यांऐवजी 'माफ करा' असं पान दिसत होतं. बिचारे साधे वाचक, पण यंत्राला जत्रेतली गर्दी कुठली नि मुद्दाम केलेली रेटारेटी कुठली, कळेना.

एवढं सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणूनच काकूंना दर वेळी दार उघडावंच लागतं. खरंच पाहुणे आले असले तर?"

मागच्या बाकावर दोघं एकदम दप्तरात काहीतरी शोधायला लागले.