तसबिरी थोड्या खाली उतरवा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या दवाखान्यात पडझडीचे रुग्ण वाढतात. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. आले म्हणजे चौघांनी उचलून आणले. वय 72. तसबिरी पुसायला टेबलावर स्टूल ठेवून चढले आणि तोल गेला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर धरून अंगणापर्यंत जातात. मी विचारले, "गुरुजी, तसबिरी इतक्या उंच लावल्या कोणी?" म्हणाले, "वडिलांनी. तेव्हापासून तिथेच आहेत."

छताखाली वीतभर, लाकडी पट्टीवर, पुढे झुकलेल्या तसबिरींची रांग ही आपल्याकडची जुनी रीत. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. देवाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून जागा उंच. जमिनीवर बसणाऱ्याला दिसावे म्हणून तसबीर झुकलेली. यात शहाणपण होतेच. पण आता घरातली वडीलधारी मंडळी खुर्चीत किंवा पलंगावर असतात. मानेच्या मणक्यांची झीज झालेल्याला वर बघता बघता चक्कर येते. ज्यांच्यासाठी तसबीर लावली त्यांनाच ती दिसत नाही!

अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे मी दर पंधरवड्याला जात असे. समोर कोरी भिंत, वर पंखा. नातवंडांचे फोटो होते, पण पाहुण्यांसाठी बैठकीच्या खोलीत. ते मी आजींच्या पायथ्याच्या भिंतीवर, त्यांच्या नजरेच्या रेषेत लावायला सांगितले. सोबत घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचे कॅलेंडर. आजींचा हात काही त्यामुळे हलू लागला नाही. पण "आज वार कोणता?" हे विचारणे कमी झाले, आणि कोणत्या फोटोतला कोण, हे त्या मलाच सांगू लागल्या.

ही नुसती हौस नव्हे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, आणि चित्र म्हणजे खिडकी नव्हे, हे कबूल. तरी आजाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय आहे, याचा विचार व्हायला हवा. देवाघरी गेलेल्यांचे हार घातलेले फोटो नेमके रुग्णाच्या समोर कशाला?

उभ्याने बघायचे चित्र असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवावा. बसून बघायचे असेल तर आणखी खाली. पलंगाच्या उशाशी किंवा पाळण्यावर काचेची जड तसबीर मुळीच नको. खिळा गंजतो, गिलावा सुटतो, आणि काच रात्री पडते. जड तसबिरीला ड्रिलने भोक पाडून स्क्रूच बसवावा. हल्ली वायरिंग भिंतीच्या आत असते, म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत खिळा ठोकू नये. आणि साठी उलटलेल्यांनी स्टुलावर चढू नये. घरातले तरुण मोबाईल बाजूला ठेवून तेवढे करू शकतात.

आमच्या घरी हा बदल करायला मला दोन वर्षे लागली. वडिलांचा फोटो खाली घेतला तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने, स्टूल न घेता, त्याला फूल लावते.