पायाखाली नको, भिंतीवर

अमेरिकेत हॉलिवूडच्या फुटपाथवर नटनट्यांच्या नावांचे तारे बसवलेत. दोन हजार सातशेच्या वर झालेत. तारा पाहिजे तर नाव सुचवणाऱ्याने हजारो डॉलर मोजायचे. म्हणजे कीर्तीचीसुद्धा पावती फाडावी लागते. २०१२ साली वांद्र्याच्या बॅण्डस्टॅण्डवर त्याचीच नक्कल निघाली. निघो. ज्याचा पैसा त्याचा फुटपाथ.

पण दोस्तहो, त्या हॉलिवूडात एक तारा जमिनीत नाही, भिंतीवर आहे. मुहम्मद अलीचा, २००२ सालचा. पैगंबराचं नाव माझ्या नावात आहे, त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये, म्हणून त्याने तो जमिनीत बसवू दिला नाही. गुलामांच्या वंशातला काळा माणूस, पाय म्हणजे काय ते त्याला बरोबर ठाऊक. मनूने शूद्राला पायातून काढला, आणि आपल्याला तर पायातही जागा दिली नाही. तेव्हा आपल्या वस्तीत आपल्या माणसांची नावं लागायची असतील तर ती भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर.

आणि लागायलाच पाहिजेत. अण्णाभाऊंचा पुतळा २०२२ साली मॉस्कोत उभा राहिला, छान झालं. पण घाटकोपरच्या चिरागनगरात हा माणूस झोपडीत बसून लिहीत होता, हे तिथल्या शाळकरी पोराला गल्लीतच कळायला नको? दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवणाऱ्या वामनदादांच्या नावाची एक पाटी नको? परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांबरोबर रमाईने संसाराचे हाल काढले. १० जानेवारी १९७४ ला परळच्या मोर्चात वरून फेकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. १९९७ च्या रमाबाईनगर गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरेने जीव दिला. ही नावं आपण भाषणात घेतो, टाळ्या पडतात, माणसं घरी जातात.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. १४ एप्रिल १९४४, नेमका बाबासाहेबांचा जन्मदिवस. फोर्ट स्टिकिन हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत फुटलं. आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांची आठवण दर साली देशभर पाळतात, पाळलीच पाहिजे. पण कापसाच्या गासड्या पाठीवर घेणारे हमाल कोण होते? मी धक्क्यावर माल ओढतो. जुन्या खोडांच्या तोंडूनही मी एकाचं नाव ऐकलेलं नाही. त्या जहाजावर सोनं होतं. पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सोन्याच्या विटा निघत राहिल्या. नावं निघाली नाहीत.

एक भांडण आत्ताच करून घेऊ. यादी कोण करणार? नगरसेवकाच्या हाती दिली तर बाबासाहेबांचा फोटो बोटाएवढा आणि त्याचं थोबाड हातभर, जयंतीच्या बॅनरवर बघतोच की आपण. म्हणून वर्गणी चार-चार रुपयांची, देणगीदाराचं नाव नाही, जिवंत माणसाचं नाव नाही. आणि फक्त कवी नि शहीद नकोत (आम्हा कवींना तशीही नावाची खाज फार). चाळीतल्या निम्म्या पोरांची नाळ कापणारी सुईण, १९८२ च्या गिरणी संपात उधारीवर घरं जगवणारी खानावळवाली, तीही पाहिजे. त्यांची नावं पुस्तकात मिळायची नाहीत. म्हाताऱ्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसावं लागेल, ऐकावं लागेल, लिहून घ्यावं लागेल.

हे वेळेत करायला हवं, कारण भिंतीच चालल्यात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, बी.डी.डी. चाळी पाडून टॉवर उठताहेत. पोरांना संडास घरात मिळतोय, त्याला कोण नाही म्हणेल? पण नव्या टॉवरच्या लिफ्टशेजारी पहिली पाटी बिल्डरची लागेल. वही घेऊन या. रविवारी सकाळी आपापल्या चाळीच्या पहिल्या खोलीपासून सुरुवात करा, निळ्या रंगाचा डबा आम्ही आणतो.