सुट्टीतला फराळ आणि बारा वर्षांची दाढ

दिवाळीच्या सुट्टीत कॅडेट घरी आला की आई, आजी, मावशी सगळ्याच त्याला खाऊ घालतात. मेसच्या जेवणानंतर करंज्या-शंकरपाळ्यांवर त्याने ताव मारावाच. माझा आक्षेप गोडाला नाही, दिवसभर तोंड चालू ठेवण्याला आहे.

दातांवरचे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. लाळेला ते निवळायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. चार शंकरपाळे जेवणासोबत खाल्ले तर दातांवर एकच हल्ला. तेच तासातासाने खाल्ले तर चार. दाढेच्या खाचेत अडकणारी चिकट टॉफी त्याहून वाईट.

सहावी-सातवीच्या मुलांना हे अधिक लागू आहे. दुसरी कायमची दाढ साधारण 12व्या वर्षी येते. ती गेली की पुन्हा येत नाही. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत दातांचे 22 पैकी किमान 14 गुण लागतात आणि त्यात दाढांच्या प्रत्येक चांगल्या जोडीला 2 गुण असतात.

म्हणून पालकांना विनंती: फराळ जेवणासोबत द्या, नंतर चूळ भरायला लावा आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करून घ्या. शाळेनेही एक करावे. सुट्टीनंतर केस, नखे, बूट तपासले जातात. त्याच आठवड्यात एमआय रूममध्ये दातही तपासले जावेत. कीड लहान असताना फिलिंगवर भागते. ती निवड मंडळापर्यंत का न्यायची?