नाव आधी मराठीत लिहा

‘नांदेड’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की त्यात ‘डी’ दोनदा येतो. पहिल्या ‘डी’चा उच्चार द, दुसऱ्याचा ड. ‘हदगाव’चं स्पेलिंग वाचून परगावचा माणूस ‘हडगाव’ म्हणतो, तेही त्याच अक्षरामुळे. तरी या गावांच्या नावांना धोका नाही, कारण ती रोज हजारो तोंडी असतात आणि चुकणाऱ्याला लगेच कुणीतरी दुरुस्त करतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या दुर्मीळ नावाला असा आधार नसतो. ते नाव याआधी कुणी ऐकलेलंच नसतं, म्हणून कागदावरची अक्षरंच त्याचा उच्चार ठरवतात. तो कागद आधी इंग्रजीत भरला जात असेल, तर मूल आयुष्यभर दोन-तीन नावांनी ओळखलं जाणार हे उघड आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या नावांना ही अडचण कधी आली नाही. माहूरमुळे रेणुका आणि दत्ता, गोदाकाठामुळे गंगाधर, वेशीवरच्या देवळामुळे मारोती. एकाच गल्लीत तीन गंगाधर असले तरी बापाच्या नावावरून कोण कुठला ते कळायचं. आज आईबापांना भावकीत आणि वर्गात दुसरं नसेल असं नाव हवं असतं. या हौसेला नाकं मुरडण्याचं कारण नाही. याच महाराष्ट्रात मुलींना ‘नकोशी’ म्हटलं जात होतं आणि २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं द्यावी लागली. लेकीसाठी महिनाभर नाव शोधणारं घर त्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण हा शोध आता बहुधा मोबाइलवर, रोमन अक्षरांत होतो. तिथली पाच अक्षरं कुणी ‘अनया’ वाचतं, कुणी ‘अनाया’. एकाच्या तोंडी ‘रेयांश’ असतो, दुसऱ्याच्या तोंडी ‘रियांश’. ‘अद्विक’चा शाळेत ‘अ‍ॅडविक’ होतो, आणि लाजरं पोर त्याच हाकेला ओ देऊ लागतं.

यावर कुणी म्हणेल, नावं बदलतातच. संस्कृतातली ‘जाह्नवी’ मराठीत ‘जान्हवी’ झाली, मारुतीचा आपण मारोती केला, त्यात काय बिघडलं? काहीच नाही, कारण तो बदल बोलणाऱ्यांच्या जिभेनं केला आणि तो सगळ्यांचा एकच झाला. रोमन स्पेलिंगमुळे होणारा बदल प्रत्येक कार्यालयात वेगळा असतो, हा खरा फरक. दुसरा आक्षेप असा, की पासपोर्टला आणि बँकेला इंग्रजी स्पेलिंग लागतंच. लागतं, आणि ते असावंच. फक्त ते मराठी उच्चारावरून ठरावं. ‘प्रज्ञा’ लिहिताना मराठी घरं ज्ञसाठी ‘डी-एन-वाय’ घालतात, हिंदी भाषक ‘जी’ घालतात. आपल्या उच्चारावरून स्पेलिंग बेतायची ही रीत चांगली रुळलेली आहे.

कागदावरच्या नावाची किंमत मराठवाड्याला सांगायला नको. निजामाच्या राजवटीत दप्तर उर्दूत होतं आणि त्या लिपीत ण, ळ ही अक्षरं नाहीत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. पणजोबांचं नाव नेमकं कसं लिहिलं आहे यावर पतवंडांचे कुणबी दाखले अवलंबून होते. आता तर जन्मदाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत तोच मूळ पुरावा मानला जातो. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं, म्हणजे चुकायला आणखी एक जागा झाली. म्हणून ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत नोंद करताना आईबापांकडून नाव आधी देवनागरीत लिहून घ्यावं, ते मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मगच इंग्रजी रकाना भरावा. याला नवा कायदा लागत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात जन्माची नोंद आधी करून नाव नंतर भरण्याची सोय आहे, तेव्हा घाईत भलतंच स्पेलिंग देण्याचीही गरज नाही. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नावच दाखल्यावर उतरावं, एवढी काळजी नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्यानं घ्यायलाच हवी, आणि ती घेतली जात नसेल तर आईबापांनी खिडकीपाशी थांबून घ्यायला लावावी.