जॅझ-रॉक आणि आपले कान

बडोद्यातील एका जुन्या संगीतमंडळापुढे गेल्या महिन्यात एक साधा अर्ज आला. महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन-चार मराठी तरुणांना एका रविवारी सायंकाळी मंडळाचे सभागृह हवे होते. जॅझ-रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या काही जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवायच्या आणि त्यांविषयी चार शब्द बोलायचे, एवढाच त्यांचा बेत होता. मंडळाने अर्ज नाकारला. ज्या व्यासपीठावर ख्याल-ठुमरीच्या थोर कलावंतांनी हजेरी लावली तेथे 'असला गोंगाट' शोभणार नाही, असे कारण तोंडी देण्यात आले. कार्यकारिणीतील बहुतेक मंडळी आमच्या परिचयाची आहेत आणि त्यांच्या संगीतनिष्ठेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तरीही हा निर्णय चुकला असे आम्हांस वाटते. तरुणांची कीव येऊन आम्ही हे म्हणत नाही; ते आपले संगीत कुठेही ऐकतील, कानांत यंत्रे घालून ऐकतच आहेत. नुकसान झाले ते सभासदांचे. कारण या संगीताला जो कान लागतो, तो या शहरात कोणापाशी असेल तर त्यांच्यापाशीच आहे.

पाश्चात्त्य संगीत ऐकताना आपल्या माणसाची पहिली अडचण असते ती षड्जाची. तेथे स्वरसंघ सतत पालटत असतात. पायाखालची जमीनच सरकते आहे असे तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला वाटते. जॅझमध्ये ही सरकासरकी पूर्वी फारच होती. न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकाने 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका केली आणि तीत पुष्कळ ठिकाणी एक स्वरमालिका धरून तिच्यावरच विस्तार करण्याचा मार्ग घेतला. तिच्यातील 'सो व्हॉट' ही पहिली रचना ऐकावी. मधल्या भागात सारा डोलारा अर्ध्या स्वराने वर चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. एरवी स्वरमालिका आपल्या काफी थाटाचीच. काफी गाणाऱ्या घरातल्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही.

पुढे दहा वर्षांनी याच डेव्हिसने जॅझमध्ये विजेची वाद्ये आणली. त्या वेळी अमेरिकेतील तरुण पिढी रॉकच्या मागे लागली होती. १९६९ च्या फेब्रुवारीत 'इन अ सायलेंट वे' आणि ऑगस्टमध्ये, वुडस्टॉकचा प्रचंड मेळा उलगल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवसांत, 'बिचेस ब्रू' अशा दोन मुद्रिकांचे काम झाले. (दुसऱ्या नावाचे भाषांतर या पानावर करण्याजोगे नाही.) विजेचे पियानो एकाहून अधिक, बास एकाहून अधिक, ढोल बडवणारेही एकाहून अधिक. त्या गर्दीतून ट्रंपेट वाट काढीत जातो. वाजवून झालेली फीत निर्माते टिओ मासेरो यांनी ठिकठिकाणी कापून पुन्हा जोडली. म्हणजे मैफल आणि संकलन यांचा असा संसार तेथे मांडला गेला. १९७० साली ही मुद्रिका बाहेर पडली तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या जॅझरसिकांतही 'हा बाजारात जाऊन बसला' अशी ओरड झालीच. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला हे वाचून थोडा दिलासा वाटावा.

'बिचेस ब्रू' पहिल्याच बैठकीत आवडेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आम्हांला ती तीनदा ऐकावी लागली, आणि तिसऱ्या खेपेसही निम्मीच कळली. आमच्या वाचकांसाठी खरे दार दुसरेच आहे. डेव्हिसच्या या दोन्ही मुद्रिकांत जॉन मॅक्लॉफ्लिन नावाचा एक तरुण इंग्रज गिटारवादक होता. यॉर्कशरमध्ये १९४२ साली जन्मलेला हा गृहस्थ श्री चिन्मय यांचा शिष्य झाला, त्यांनी दिलेले 'महाविष्णु' हे नाव त्याने घेतले आणि १९७१ मध्ये 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' उभा केला. ढोलावर पनामात जन्मलेला बिली कॉबम, कळफलकांवर प्रागचा यान हॅमर, व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन, बासवर आयर्लंडचा रिक लेर्ड. हा मूळ संच १९७३ अखेर फुटला. पण तेवढ्यात त्यांनी 'द इनर माउंटिंग फ्लेम' आणि 'बर्ड्स ऑफ फायर' या दोन मुद्रिका केल्या, आणि त्यांतील तालांचे काम पाहून आपल्याकडच्या तबलजीने मान डोलवावी.

येथे दांडिया बाजारातील एका घरात घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. नात आपल्या खोलीत 'बर्ड्स ऑफ फायर' मोठ्याने लावून बसली होती. तरुणपणी येथेच रीतसर तबला शिकलेले आजोबा 'अगं, बंद कर ते' असे म्हणत दारापर्यंत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा ते म्हणाले, "अठरा आहेत गं." अठराच आहेत. आरंभी घंटेचा गंभीर नाद, मग गिटारवर फिरत राहणारे अठरा मात्रांचे आवर्तन, आणि त्यावर व्हायोलिन व गिटार एकाच सुरावटीने झेपावतात. नातीला हे संगीत दोन वर्षांपासून आवडत होते; पण त्याचे आवर्तन कोठे पुरे होते हे तिला त्या दिवशी आजोबांनी सांगितले. सम सापडली की गोंगाट उरत नाही. त्यानंतर दोघांचे बरोबर ऐकणे सुरू झाले. आता आजोबांची तक्रार आवाजाच्या पातळीबद्दल आहे, आणि ती आम्हांला रास्त वाटते.

असा कान ज्यांना लाभला त्यांनी दार लावून घ्यावे, हे आम्हांला सलते.

मॅक्लॉफ्लिनने अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे पाठ घेतले होते. याच बडोद्यात १८८२ साली जन्मलेले, मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० साली वीणा घेऊन अमेरिकेस गेले होते. त्यानंतर साठ-बासष्ट वर्षांनी एक इंग्रज तेथे बसून वीणा शिकतो आहे, यात आम्हांला काही औचित्य दिसते. त्या अभ्यासातून पुढे 'शक्ती' निर्माण झाली. मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकिर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम्. १९७५ च्या जुलैत अमेरिकेतील एका महाविद्यालयात झालेली त्यांची मैफल पुढच्या वर्षी मुद्रिका म्हणून निघाली. गिटारच्या पोटावर तिरप्या सात तरफेच्या तारा ताणल्या होत्या आणि पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरून घेतले होते, ते मींड काढता यावी म्हणून. येथे विजेचा कल्लोळ नाही. काटेकोर बोलायचे तर हे जॅझ-रॉकही नव्हे, त्याच्या पोटी जन्मलेले शांत भावंड आहे. परंतु तबला आणि घटम् यांचे सवाल-जबाब ऐकून नंतर मागे 'बर्ड्स ऑफ फायर'कडे गेले, तर ती वाट चांगलीच सोपी होते.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले, तेव्हा एका घरगुती बैठकीत 'साथीला तोड नव्हती, पण फ्यूजनमध्ये फार वेळ घालवला' असे उद्गार आम्ही ऐकले. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या मुद्रिकेला ग्रॅमी मिळाले होते. पारितोषिकाने काही सिद्ध होते असे नाही. पण चोविसाव्या वर्षी धरलेली संगत ज्याने अखेरपर्यंत मनात जपली, त्याचा तो वेळ वाया गेला हे ठरवणारे आपण कोण?

भेसळीचा आक्षेप जुनाच आहे. बालगंधर्वांच्या पदांमागे जो ऑर्गन ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांचे डोळे भरून येत, तो कोणत्या गुरुकुलातून आला होता? त्याच कंपनीत थिरकवाँसाहेबांचा तबला ऑर्गनशेजारी वाजला, आणि दोघांपैकी कोणाचेही शील भ्रष्ट झाले नाही. दक्षिणेत तर व्हायोलिन इतके मुरले की ते परके होते हेच लोक विसरले.

मात्र फ्यूजन म्हणून जे जे विकले जाते ते सारे आम्हांला मान्य आहे, असा अर्थ कोणी काढू नये. लग्नाच्या स्वागतसमारंभात कळफलकाच्या गुळगुळीत सुरावटीवर एक बासरी आणि एक तबला सोडून देतात, त्यात कोणीच कोणाचे ऐकत नसतो. ती भेळही नव्हे, कारण भेळेला चव असते. खुद्द महाविष्णु ऑर्केस्ट्रातही वेगाचा हव्यास कधीकधी अंगावर येतो आणि 'थोडे थांबा हो' असे म्हणावेसे वाटते. याउलट 'वेदर रिपोर्ट'च्या मुद्रिकांत जोसेफ झाविनुल आणि वेन शॉर्टर यांना थांबणे ठाऊक होते. आणि जॅको पॅस्टोरियस याचा बिनपडद्यांचा बास तर मींडेच्या इतका जवळ जातो की सारंगीच्या शौकिनाने १९७७ ची 'हेवी वेदर' एकदा ऐकावीच.

मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक पुढील महिन्यात आहे, आणि तरुणांनी अर्ज पुन्हा दिला आहे असे कळते. आमची सूचना एवढीच, की सभागृह द्यावे, आणि कार्यक्रमाचा क्रम मंडळाने आपल्या हाती ठेवावा. आधी 'शक्ती', मग 'सो व्हॉट', मग चहा, आणि चहानंतर 'बर्ड्स ऑफ फायर'. ज्यांना जायचे असेल त्यांना चहा घेऊन उठता येईल. दांडिया बाजारातल्या आजोबांनी पुढच्या रांगेत बसून मात्रा मोजून दाखवण्याचे कबूल केले आहे. आवाज बेताचा ठेवावा, ही त्यांची एकच अट आहे.